सत्काराच्या मंचावरचा रॅप

अमरावतीतल्या क्लासवाल्यांची एक रीत आहे. त्यांच्या बाकावर चार दिवस टेकलेलं पोरगंही परीक्षा पास झालं, की ते त्यांचंच. निकालाच्या दिवसांत एकच चेहरा तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना मी पाहिला आहे. माझा एकाच फ्लेक्सवर होता, राजकमल चौकात, खाली मोठ्या अक्षरांत 'सरांच्या मार्गदर्शनाचे फळ'. ते वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या सरांकडे मी आठ महिने होते. बाळापूरजवळच्या आमच्या गावातून आलेली, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात उभी राहून घरी बोलते तसंच विचारलं, "सर, हे गणित असं काहून सोडवलं?"

सरांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा बोल. सगळ्यांना ऐकू दे."

मी पुन्हा बोलले. त्यांनी माझा हेल काढून दाखवला आणि वर्ग खिदळला. पुढे तो रोजचाच खेळ झाला. पोरं पेंगायला लागली, की मला उभं करायचं. हसणारे काही पुण्याचे नव्हते. दर्यापूर, मोर्शी, अचलपूरचेच होते, जिन्यात उभे राहून घरी फोनवर माझ्यासारखंच बोलायचे. त्यांचा राग मला सरांइतकाच आला. शेवटी मी विचारणंच सोडलं, तेव्हा सरांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं.

तिथे वहीच्या मागच्या पानांवर मी रॅप लिहायला लागले. मोबाइलवर ऐकून ऐकून त्याचं वेड लागलं होतं. लोकांना तो आरडाओरडा वाटतो. मला त्यातून एवढंच कळलं, की ज्या बोलण्याला लोक हसतात, तेच बोलणं घेऊन माइकसमोर उभं राहायचं आणि आपलं गाव लपवायचं नाही. यूट्यूबवरचा फुकटचा बीट लावून मी खोलीत शब्द बसवत राहायचे. मग क्लास सोडला, अकोल्याच्या एका वाचनालयात बसून स्वतःच अभ्यास केला आणि लिपिकाच्या परीक्षेत पास झाले. पुढचं फ्लेक्सचं सांगितलंच.

फ्लेक्समागोमाग सत्काराचं आमंत्रण आलं. शाल, नारळ, मग माइक हातात देऊन 'दोन शब्द'. ते दोन शब्दही ठरलेले असतात, सरांमुळेच घडलो. मी लगेच हो म्हटलं. शालीसाठी नव्हे. भरल्या हॉलसमोर या माणसाची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं. माफ-बिफ करायचा माझा स्वभाव नाही.

माइक हातात आला तसा मी मोबाइलवर बीट लावला.

"तुमी म्हणे पुन्हा बोल, मी पुन्हा बोलते सर,
तवा हासले सारे, आता हासा पोटभर.
मांगच्या बाकावर बसवलं, तिथूनच मी शिकली,
फोटो माहा लावला, पण जीभ नाही विकली."

हॉल दणाणला. मी सरांकडे पाहिलं. ते हसत होते, टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ त्यांनीच क्लासच्या पेजवर टाकला: 'आमची हरहुन्नरी विद्यार्थिनी', खाली प्रवेशासाठी फोन नंबर. माझ्या सुडाची त्यांनी जाहिरात केली होती. दोन दिवस मला घास गेला नाही.

महिन्याभरानं धारणीच्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, तुमचा व्हिडिओ पाहूनच मी या क्लासले आली. सर मले रोज उभं करतात, पोट्टे हासतात. मी तुमचं गाणं मनात म्हणत राहते." मला शरमेनं मेल्यासारखं झालं. तिला मीच तिथे पोचवलं होतं. मी लिहिलं, "मनात काहून? उठून म्हण."

आठवड्याभरात सरांचा फोन आला. कधी नव्हे तो आवाज चढलेला. "अवो, हे काय लावून देलं तुमी? ते पोट्टी उठून गाणं म्हणते, मांगचे सारे तिच्या संगं बाक वाजवतात. माहं कोणी आयकूनच नाही राहिलं. तुमी या अन् समजवा त्याईले."

माझी नक्कल सोडली तर आठ महिने ज्यांच्या तोंडून पुस्तकी भाषेबाहेरचा शब्द ऐकला नव्हता, ते सर माझ्यासारखंच बोलत होते. त्यांची दया आली असं म्हटलं तर खोटं होईल. मी शांतपणे विचारलं, "सर, तुमी कोण्या गावचे?"

त्यांनी फोन ठेवून दिला.