तिसऱ्यांदा विचारलंच नाही

मारेन टॉफ्टच्या घरी एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. राज्याच्या मेडिकल कॉलेजनं तिचा अर्ज नाकारला होता, आणि तिच्या मैत्रिणीचा, ब्रिटाचा, मंजूर केला होता. पहिली बातमी तिनं कशीबशी पचवली असती. दुसरीनं पोटात जो गोळा उठला, तो वर्षभर जागचा हलला नाही.

मारेन आणि ब्रिटा एंगेस्टॅड अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एकाच गावच्या. शाळेत एका बाकावर, पुढे कॉलेजात एका खोलीत. मार्क दोघींचे जवळपास सारखेच. रसायनशास्त्रात तर मारेनच पुढे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ब्रिटा पुस्तक छातीवर ठेवून घोरायची आणि मारेन तिला हलवून उठवायची, धडा समजावून सांगायची. अशी ती ब्रिटा आता डॉक्टर होणार होती, आणि मारेन आईवडिलांच्या घरी, शाळकरी वयातल्या तिच्या अरुंद पलंगावर परतली होती.

“छान झालं,” असं ती ब्रिटाला फोनवर म्हणाली होती. दात आवळून म्हटलेले दोन शब्द. तिसरा काही सुचला नाही.

तिचे वडील गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला होते. बोलणं कमी. ते एवढंच म्हणाले, “पहिल्यांदा नको म्हणणं ही तर आपल्याकडची रीतच आहे. पुन्हा विचार त्यांना.”

रीत खरीच होती. त्या भागात कुणी कॉफी पुढे केली की माणूस म्हणणार, नको. पुन्हा आग्रह झाला की म्हणणार, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, बरं, तुम्ही केलीच आहे तर अर्धा कप. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. हे कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

पदवीच्या कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तिचा जुना अर्ज समोर ठेवून स्पष्ट सांगितलं, “मार्कांत खोट नाही, मारेन. पण अर्ज फार उशिरा पाठवलास. आणि आजारी माणसं तू दुरून पाहिलीस, हात कुणाला लावला नाहीस. अर्जासोबतचा निबंध तर असा, की कुणीही लिहिला असता.”

“ब्रिटाचा कसा होता?” मारेननं विचारलं.

“आपण तुझ्याबद्दल बोलतोय,” बाई म्हणाल्या.

ब्रिटाचा निबंध मारेनला तोंडपाठ होता. तिच्या आजोबांना शेतात अर्धांगाचा झटका आला आणि दवाखाना दीड तासावर होता. ते गेले तेव्हा ब्रिटा त्यांचा हात धरून बसली होती. त्यावर तिनं लिहिलं होतं. मारेनचे दोन्ही आजोबा पंच्याऐंशीच्या घरात असून ट्रॅक्टर हाकत होते. एकदा जेवताना एका आजोबांना जोराचा ठसका लागला, तेव्हा मारेनच्या मनात पहिला विचार आला तो निबंधाचा. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःचीच शिसारी आली. माणूस मैत्रिणीच्या घरातल्या मरणावरसुद्धा जळू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

पण ती हातपाय गाळून बसली नाही. गावातल्या वृद्धाश्रमात तिनं सेविकेचं काम धरलं. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. पहिल्या महिन्यात पाठ मोडून आली. तिथं एडना नावाच्या आजी होत्या. पाणी विचारलं की म्हणायच्या, “नको गं, तुला किती कामं.” पुन्हा विचारलं तरी नकोच. इतर सेविका ‘नको म्हणाल्या’ असं सांगून पुढे जायच्या, आणि आजींचे ओठ सुकलेले असायचे. मारेननं विचारणंच सोडून दिलं. ती ग्लास त्यांच्या हातात द्यायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारत उभी राहायची. ग्लास रिकामा व्हायचा. उन्हाळ्यात अर्ज घेणं सुरू झालं त्याच आठवड्यात तिनं नवा अर्ज पाठवला. शिफारस या वेळी आश्रमाच्या मुख्य परिचारिकेनं केली.

मधूनमधून ब्रिटाचे फोटो येत. पांढरा डगला, गळ्यात स्टेथोस्कोप, हसरा चेहरा. मारेन फोटो मोठा करून बघायची. डगल्याची बाही तोकडी आहे, हे बघून तिला जरा बरं वाटायचं.

जानेवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. आईनं परस्पर ब्रिटाला फोन करून टाकला.

“तिच्याकडेच राहा आदल्या दिवशी. कॉलेज जवळ आहे म्हणाली. आणि हा डबा तिला दे.”

डब्यात लेफ्सा होत्या, बटाट्याच्या मऊ पातळ पोळ्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या.

“आई, मुलाखत माझी आहे की तिची?”

“ती पोर घरापासून लांब आहे गं.”

“मग मीही जाते कुठंतरी लांब.”

“तेच तर करायला निघाली आहेस,” आई म्हणाली. “मोजे घातलेस का?”

संध्याकाळी मारेन पोचली तेव्हा पारा उणे तीसच्या खाली उतरत होता. अशा थंडीत गाडी रात्रभर विजेच्या प्लगला लावून ठेवावी लागते, म्हणजे इंजिन उबदार राहतं. नाहीतर सकाळी गाडी म्हणजे लोखंडाचं खोकं. ब्रिटाच्या इमारतीत प्रत्येक घराला एक गाडी लावायची जागा आणि एक प्लग. त्या प्लगला ब्रिटाची गाडी जोडलेली होती. मारेननं आपली गाडी शेजारच्या पाहुण्यांच्या जागेत उभी केली.

ब्रिटानं दारातच मिठी मारली. “बये, किती वाळलीस! आणि हे काय, लेफ्सा? तुझी आई म्हणजे देवमाणूस आहे.”

“देवमाणसाला मुलगी मात्र साधीच झाली,” मारेन म्हणाली.

ब्रिटा हसली. टेबलावर हाडांची चित्रं पसरली होती. दुसऱ्या दिवशी तिची शरीररचनेची परीक्षा होती. “तू असतीस तर शिकवलं असतंस मला,” ती म्हणाली. ते मारेनला टोमण्यासारखं लागलं. जेवताना ब्रिटानं विचारलं, “तुझी गाडी लावू का प्लगला? तुला सकाळी लवकर निघायचंय.”

“नको, नको. राहू दे.”

“अगं, मुलाखत आहे तुझी. माझं कॉलेज काय, चालतही जाता येईल.”

“नको गं, तुला कशाला त्रास? माझी बॅटरी नवी आहे.”

ब्रिटानं खांदे उडवले आणि आणखी एक लेफ्सा उचलली. “बरं.”

मारेन काटा हातात धरून थांबली. तिसऱ्यांदा विचारणं आलंच नाही. ब्रिटा हाडांच्या चित्रांत बुडाली होती. शहरात येऊन सहा महिने झाले नाहीत तोच ही रीत विसरली, मारेनला वाटलं. किंवा विसरलीही नसेल. ज्याला मिळालेलं असतं तो तिसऱ्यांदा कशाला विचारेल? मारेन सोफ्यावर आडवी झाली. वर्षभराचा राग जणू पुराव्यानिशी सिद्ध झाला होता, आणि त्यानं तिला समाधानाची झोप लागली.

सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. निरोप न घेताच ती बाहेर पडली. बाहेर काळोख, अंगावर येणारी थंडी. काचेवरचं बर्फ घाईघाईनं खरवडलं, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. बघ, तुझ्या प्लगवाचून काही अडलं नाही, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा.

कॉलेजच्या आवारात ती उतरली तेव्हा कानटोपी घातलेला एक म्हातारा गाडीच्या पुढच्या बाजूला वाकून बघत होता.

“बाई, तुमच्या गाडीला शेपूट फुटलंय. तेही पुढून.”

गाडीच्या तोंडातून केशरी वायर लोंबत होती. बर्फातून फरफटत आलेली, लांबलचक. वायर प्लगमध्ये असतानाच गाडी काढायची, ही त्या मुलखातल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलेली चूक. पण त्यासाठी गाडी आधी प्लगला लावलेली असावी लागते. मारेन वाकली. वायरीच्या टोकाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, ब्रिटा एंगेस्टॅड.

म्हाताऱ्यानं वायर कोपरावर नीट गुंडाळून तिच्या हातात दिली. “होतं असं,” तो म्हणाला आणि आत गेला.

उमेदवारांना बसवलं होतं त्या खोलीला मोठी काच होती. थोड्या वेळानं मारेनला तिच्यातून ब्रिटा दिसली. पायी, तोंडाला मफलर, पापण्या बर्फानं पांढऱ्या झालेल्या, धावत. परीक्षा सुरू होऊन गेली असावी. काचेपलीकडे मारेन दिसताच ती क्षणभर थांबली, अंगठा उंचावला, हसली, आणि घसरत घसरत कोपऱ्याआड गेली.

मारेनला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. वर्षभर जपलेला राग हिनं एका वायरीनं काढून घेतला होता. आता जळायलाही तोंड उरलं नव्हतं, आणि जळणं तर थांबलं नव्हतं.

मुलाखत घ्यायला समोर बसले ते तेच कानटोपीवाले. डॉक्टर रस्टॅड, चाळीस वर्षं खेड्यात दवाखाना चालवलेले.

“गेल्या वर्षी आम्ही तुला घेतलं नाही,” ते म्हणाले. “वर्षभरात काय बदललं?”

हे उत्तर तिनं आरशासमोर घोटलेलं होतं. अर्ज लवकर केला, वृद्धाश्रमात काम केलं, जबाबदारी वाढली. ती सांगत गेली. डॉक्टर मान डोलावत होते, जशी माणसं हवामानाचा अंदाज ऐकताना डोलावतात.

“आणि ती वायर?” त्यांनी मध्येच विचारलं.

मारेन थांबली. “ती माझी नाही, सर. मैत्रिणीची आहे. ती गेल्या वर्षी इथं लागली. काल तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, म्हणून मी तिच्यावर चिडून झोपले. तिनं प्लगवरून स्वतःची गाडी काढून माझी जोडली होती. आज तिची परीक्षा आहे आणि ती चालत आली.”

“मग आता?”

“आता जास्तच जळते मी तिच्यावर,” मारेनच्या तोंडून निघून गेलं. “आधी तिच्या प्रवेशावर जळत होते. आता तिच्या स्वभावावर. एडना आजींना पाणी न विचारता देण्याचं शहाणपण आश्रमात मी शिकले, आणि वाटलं हे फक्त मलाच कळलंय. तिला ते कुणी न शिकवता येतं.”

डॉक्टरांनी एडना आजी कोण ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी समोरचा अर्ज मिटून बाजूला ठेवला.

“माझ्याकडे एक शेतकरी यायचा,” ते म्हणाले. “छातीत दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, म्हणाला तसं काही खास नाही. मला त्या दिवशी घाई होती.” उठून त्यांनी दार उघडलं. “वायर परत कर तिची.”

मार्चच्या अखेरीस कॉलेजातून फोन आला. तिला घेतलं होतं. कोठारावर वडिलांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, “वाईट नाही,” आणि त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

मग तिनं ब्रिटाला फोन लावला. ब्रिटा अशी किंचाळली की मारेनला फोन कानापासून दूर धरावा लागला. रडली, हसली, पुन्हा किंचाळली. मारेनला आपले दोन शब्द आठवले, छान झालं, आणि कान गरम झाले.

“त्या परीक्षेचं काय झालं तुझ्या?” तिनं हळूच विचारलं.

“कुठली? हां, ती. उशीर झाला, पण पहिली आले गं वर्गात. कशी कोण जाणे!”

पोटातला तो जुना गोळा हलला, बाजू बदलून पुन्हा बसला.

“ऐक,” ब्रिटा म्हणाली, “माझ्या घरातली दुसरी मुलगी जातेय, तिची खोली रिकामी होतेय. ये राहायला.”

“नको गं.”

“अगं, ये ना. भाडं अर्धं, आणि हाडं मला तूच शिकव.”

“नको, तुझी अडचण कशाला करू?”

पलीकडे शांतता पसरली. मारेन फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली. हिचा काय नेम, ही न विचारताच माझं सामान उचलून न्यायची, असं मनात आलं आणि तिला जरा धाकधूक वाटली.