फॅट तीन दाखवतंय

सकाळी अकराला डेअरीच्या गेटवर पाच टँकर उभे होते आणि एकही आत घेता येत नव्हता.

मिरजगावजवळच्या त्या डेअरीत आमच्या कंपनीने नवीन ईआरपी बसवलं होतं. ईआरपी म्हणजे दूध गेटवर येण्यापासून पिशवी बाहेर जाईपर्यंतची प्रत्येक नोंद ठेवणारं एकच सॉफ्टवेअर. ते सुरू झाल्यावर आमची टीम पुण्याला परतली. सपोर्टला मी एकटा राहिलो. दिवसभर सोबतीला हेडफोनमधले आवाज. जेवताना तेही नसत.

गाईच्या दुधाला फॅट किमान साडेतीन लागतं. कमी भरलं की सिस्टिम टँकर ब्लॉक करते. त्या दिवशी प्रत्येक टँकरचं फॅट तीन दिसत होतं.

प्लँट मॅनेजर भोसले साहेबांनी लॅबचं रजिस्टर माझ्यासमोर टाकलं.

"यात तीन पॉइंट आठ, स्क्रीनवर तीन. रजिस्टरात आकडा वाढवून केमिस्टबाई पाण्याचं दूध पास करतायत. मला रिपोर्ट द्या, उद्यापासून त्यांना घरी बसवतो."

केमिस्ट म्हणजे संगीताताई. जामखेडकडच्या, लॅबमधल्या सगळ्यात जुन्या.

मी पुण्याला फोन लावला. "युजर एरर असेल," म्हणून आमचे प्रोजेक्ट मॅनेजर दुसऱ्या मीटिंगला गेले. दोन तास मी लॉग, म्हणजे कोणी कधी काय भरलं याच्या नोंदी, चाळत बसलो. सगळीकडे संगीताताईंचं लॉगिन आणि पुढे तीन. तेवढ्यात गेटवरून निरोप आला, पहिल्या टँकरचं दूध नासलं.

मग मी लॅबमध्ये गेलो. खरं तर तिथेच आधी जायला हवं होतं.

ताईंनी मान वर केली नाही. "आता तुमी पन चौकशीला आलाव का?"

"नाही. माझ्यासमोर एक सॅम्पल लावा."

मशीनवर ३.८ आलं. त्यांनी ३.८ टाइप केलं, सेव्ह दाबलं. स्क्रीनवर ३ उरलं.

"सकाळपासून ह्येच सांगतीय," त्या म्हणाल्या. "ऐकतंय कोन?"

आदल्या दिवशी पिशव्यांच्या मोजणीतले दशांश मीच काढले होते. अर्धी पिशवी नसते, म्हणून. ती सेटिंग फॅटलाही लागू होती, हे मी पाहिलं नव्हतं. पॉइंटच्या पुढचं सगळं सिस्टिम गुपचूप कापत होती.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. पुण्याला कळवलं. उत्तर आलं, "क्लायंटला सिस्टिम इश्यू सांग. कोणाचं नाव नको."

मी मेसेज दोनदा वाचला. मग भोसले साहेबांना लॅबमध्ये बोलावलं आणि ताईंसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. रजिस्टर बरोबर आहे."

साहेबांनी गेटला फोन लावला. "टँकर घ्या आत," एवढं बोलून निघून गेले. ताईंची माफी त्यांनी मागितली नाही. मी मागितली, तर त्या म्हणाल्या, "व्हय, बरं," आणि पुढची बाटली उचलली.

चार टँकरचं दूध वाचलं. एकाचं ओतून द्यावं लागलं. पुढच्या प्रोजेक्टच्या टीममध्ये माझं नाव आलं नाही. सपोर्टचा मुक्काम वाढला. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नसे, आणि त्यांचं चूक होतं असंही मला वाटत नाही.

आता सेटिंग बदलली की मी लॉग नंतर बघतो. आधी टाइप करणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहतो.