भावाने आणलेली माळ
ओल्या शेणसड्याचा वास आला की ऊर्जानगरमधली दिवाळीची ती संध्याकाळ स्वप्नासारखी तरंगत पुढे येते. शेजारच्या वहिनींच्या लोखंडी फाटकावर मी त्यांच्या भावाने आणलेली दिव्यांची माळ जोडत होतो. “काऊन भाऊ, टेप नाई लावत?” त्या हसून म्हणाल्या. “वहिनी, मले शिकवता? अख्खा पॉवर प्लांट चालवून राह्यलो!” प्लांटात वीज बंद केल्याच्या परमिटाशिवाय तारेला हात न लावणाऱ्या मी तो जोड उघडाच सोडला. लाल-निळ्या उजेडात, ओल्या अंगणात अनवाणी उभ्या वहिनींनी फाटक धरलं आणि त्या फेकल्या गेल्या. वाचल्या, पण उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. “भावाने स्वस्तातली माळ आणली,” सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. लाजेने तो पुन्हा भाऊबीजेला आला नाही. वहिनी, माळ चांगली होती, चूक माझी होती. भावाला बोलवा.