प्रसाद मोजत नाहीत

"थांबा, आधी नोंद!" एका हातात चहाची बशी तशीच धरून आमचे शेजारी दुसऱ्या हाताने मोबाइलवर साखर टिपायचे. तोवर चहा पार निवायचा.

धायरीत तिसऱ्या मजल्यावर ते माझ्या समोरच्या दारात राहायचे. बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहाने कापावा लागला होता. डॉक्टरांनी "तुम्हीही काठावर आहात" म्हटल्यावर त्यांनी खाल्लेलं गोड टिपायचं ते ॲप घेतलं. "वहिनी, मला दोन्ही पायांनिशी जायचंय," म्हणायचे.

माझ्याही फोनवर त्यांनीच ते घातलं. मी तेव्हा सत्तरीची, अक्कल अजून यायची होती. दोन लाडू खाऊन अर्धा टिपायची, आणि ॲपने शाबासकी दिली की मॅट्रिक पास झाल्यासारखी जिनाभर दाखवत फिरायची. ते मात्र पक्के. खोकल्याचं औषधसुद्धा टिपायचे.

संध्याकाळी आरतीनंतर देवळातून द्रोणभर शिरा आणायचे, कधी पेढे.

"हे नाही टिपलंत?" मी विचारलं.

"अहो वहिनी, प्रसाद कोणी मोजतं का? तो बाधत नाही."

"देवाला विचारून आलात वाटतं," आतून त्यांची बायको.

"तू गप गं. हे बघ, सगळं हिरवं!"

ॲपमध्ये रोज हिरवं दिसायचं. मग तपासणीही थांबली. "हिरवं असताना रक्त कशाला काढायचं?"

नवी चप्पल चावली, ते त्यांच्या बधिर झालेल्या पायाला कळलंच नाही. बायकोला फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तोवर जखम काळी पडली होती. पाय गुडघ्याखाली कापला.

दवाखान्यात मी शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, कापलेला पाय कुठे नेतात हो? वडिलांच्या वेळी मी विचारलंच नव्हतं."

मी चादर त्यांच्या उरलेल्या पायावर ओढली.

आमच्याकडे लिफ्ट नाही. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. "पुढे सरका, पुढे सरका," ते ओरडले. सगळे हसले. बायको हसली नाही. पुन्हा दवाखान्यात न्यायला लागेल म्हणून खुर्ची जिन्याच्या वळणावरच ठेवली.

जखम भरली नाही, विष अंगभर पसरलं. महिन्याभरात त्यांना खाली नेलं, तेव्हा खुर्ची लागली नाही.

ती अजून तिथेच आहे. चढताना मला तिथवर दम लागतो. मी भिंतीला टेकून उभी राहते.