मास्तरीण आत्याची झोप

आमच्या आत्याला लुगड्याच्या काठाच्या चौदा नक्ष्या तोंडपाठ होत्या आणि स्वतःच्या पोलक्याचं बटण मात्र लावता येत नव्हतं. लहानपणापासूनच तिची बोटं आखडून वाकलेली, उंची माझ्या खांद्याएवढी. बाबा हातमागावर बसायचे आणि ही शेजारी पाटावर बसून धागे सांगायची, "तीन उचल, दोन सोड." ते जरा अडखळले की लगेच, "काहून थांबला गा? हात हायेत का लाकडं?" नागपुरातली आमची सगळी गल्ली तिला मास्तरीणच म्हणायची.

दुपारी ती तिथेच भिंतीला टेकून झोपायची आणि मागाच्या खटखटाटावर मात करून घोरायची. आम्ही हसायचो.

मग ती काठ चुकवू लागली. सांगता सांगता डोळा लागायचा. जाग आली की कुठवर आलो ते आठवायचं नाही. एकदा तर वीतभर काठ उसवावा लागला. बाबांनी नक्षी कागदावर काढून समोर टांगली. त्या दिवशी मास्तरीण जेवली नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

मी तिला धंतोलीतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जन्मजात, फार थोड्यांना होणारा आजार निघाला. त्याने जीभ आणि गळा जाड होत गेले होते. झोपेत श्वास अडायचा, मेंदूला प्राणवायू कमी पडायचा, म्हणून हा विसर.

"घोरणं मधेच थांबतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, मग शांत झोपते," मी म्हणाले.

"तेव्हा श्वास बंद असतो. लगेच हलवून उठवायचं."

श्वास चालू राहावा म्हणून झोपताना लावायचा मास्क आठवड्याभरात मिळणार होता.

परतताना ऑटोत आत्याने माझा हात धरला. "तुया बाबाले सांगू नको वं. तो मले मागाजवळ बसू देनार नाही. मंग मी कोनाच्या कामाची?" मी तिची लाडकी. घरी सांगितलं, गळ्याला सूज आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर माग बंद होता. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल वं. लय घोरून राहिली होती, आता कुठी शांत झोपली. म्हनून माग थांबवला."

मी धावले. हलवलं, हाका मारल्या. आत्या उठली नाही.

बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बहिणीला काही त्रास झाला नाही, झोपेतच गेली. मी ऐकून घेते. माझाच मला संताप येतो. पण तिची झोप मोडू नये म्हणून माग थांबवून बसलेल्या त्या माणसाला मी खरं कोणत्या तोंडाने सांगू?