आळणी चतुर्थी

माघातल्या संकष्टीलाही आईनं तोंड उघडलं नाही. माझी बायको शैला मऊ भाताचा चमचा तिच्या ओठांपर्यंत न्यायची, विनवायची, आणि आई ओठ घट्ट मिटून भिंतीकडं बघत राहायची. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, मला ओळखते की नाही याचाही भरवसा राहिला नव्हता. पण चतुर्थी तिला बरोबर कळायची. कशी, ते तिचं तिला ठाऊक. त्या दिवशी अन्नात मिठाचा कण असला तरी ती तोंड फिरवायची. पूर्वी हे एका दिवसाचं होतं. आता चतुर्थी उलटून गेली तरी दोन-तीन दिवस ती मीठ घेईना. डॉक्टरांनी बजावलं होतं की तिच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय, त्यानंच गुंगी येते, आणि हे असंच चाललं तर एखाद्या गुंगीतून ती परत यायची नाही. सलाईन लावायला हातात शीर सापडत नव्हती. दर चतुर्थीनंतर आई थोडी थोडी कमी होत होती, आणि मी कॅलेंडरवर पुढची चतुर्थी बघत बसायचो.

ही आळणी चतुर्थी तिनं माझ्यासाठीच धरली होती. मी पाच वर्षांचा असताना मला मुदतीचा ताप आला आणि तो उतरेना. तेव्हा आम्ही लोणी भापकरला राहायचो. आई तिथून चालत मोरगावला गेली आणि मयूरेश्वरापुढं बोलून आली, पोरगं जगलं तर मरेपर्यंत तुझी चतुर्थी आळणी धरीन. आळणी म्हणजे दिवसभर उपास, आणि चंद्र उगवल्यावरचं जेवणही मिठावाचून. मी जगलो. चाळीस वर्षं तिनं शब्द पाळला. मी मात्र देव मानायचो तो हात राखून. परीक्षेला नमस्कार, आजारपणाला नमस्कार, एरवी तू तुझ्या देवळात आणि मी माझ्या घरात.

व्रत दुसऱ्याला पुढं चालवायला घेता येतं, असं शेजारच्या गुरुजींनी सांगितलं. म्हणून आधीच्या भाद्रपदात मी आईच्या पलंगाशी बसलो, पळीभर पाणी तिच्या चांगल्या हाताच्या तळव्यावरून माझ्या उजव्या तळहातावर सोडलं आणि म्हणालो, "आई, आजपासून तुझी चतुर्थी माझ्याकडं. तू आता सुखानं जेव." ती माझ्याकडं बघत राहिली. पुढच्या चतुर्थीला मी कडक उपास केला, तरी तिनं ओठ मिटलेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. असे माघापर्यंत पाच महिने गेले. मग माझ्या मनानं घेतलं की माझाच उपास कमी पडतोय. एकदा सवयीनं चहाबरोबर बिस्कीट खाल्लं होतं, ते आठवून आठवून मी स्वतःला खात राहिलो. बिस्किटात मीठ असतंच ना? आईला आतून कळत असणार, पोरानं व्रत नीट सांभाळलेलं नाही. उपाशी माणसाचं डोकं असं भलतीकडं चालतं. माझं तर जेवूनही तसंच चालायला लागलं होतं.

याच काळात ती शर्यत आली. मी बारामतीत एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. चाळिशीला वजन आणि रक्तदाब दोन्ही वाढल्यावर पळायला लागलो, मग सायकल घेतली, मग लहानपणी विहिरीत शिकलेलं पोहणं पुन्हा काढलं. आमच्या भागात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार असं कळलं तेव्हा आई धडधाकट होती, आणि मी हौसेनं नाव घातलं होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यात दोन किलोमीटर पोहायचं, मग इंदापूर-बारामतीच्या रस्त्यांवर नव्वद किलोमीटर सायकल, आणि शेवटी एकवीस किलोमीटर पळायचं. आता शर्यतीची तारीख बघतो तर होळीनंतरची संकष्टी.

शैला म्हणाली, "एक तर शर्यत सोडा न्हायतर उपास सोडा. दोन्ही डगरींवर हात ठेवू नका. एक माणूस अंथरुणाला खिळलंय तेवढं पुरं हाय."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला तो योग वाटला. एवढ्या मोठ्या कष्टाच्या दिवशी मी आळणी राहिलो, तर देवाला माझं ऐकावंच लागेल. मी देवाला पेचात धरायला निघालो होतो, आणि तोंडानं त्याला भक्ती म्हणत होतो. रोज पोरांना मीठ मोजून देणारा मी, घामावाटे अंगातलं मीठ जातं हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी शास्त्र कपाटात ठेवून किल्ली मी खिशात घातली होती.

पहाटे फुगवट्याचं पाणी काळं आणि गार होतं. सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते, फोटो काढत होते. मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. पोहताना पाण्याखाली काहीच दिसत नव्हतं, आणि प्रत्येक श्वासाला आईचे मिटलेले ओठ आठवत होते. पोहणं पार पडलं. सायकलवर बसलो. बिनमिठाचे उकडलेले बटाटे, खजूर, केळी आणि साधं पाणी एवढंच माझ्याजवळ होतं. वाटेत पाण्याच्या टेबलांवर उभी असलेली पोरं-पोरी खारट-गोड पेयाचे ग्लास पुढं करायची आणि मी हात हलवून नको म्हणायचो. बारामतीच्या अलीकडं एका मुलीनं तर पळत पळत विचारलं, "सर, मीठ नको का?" मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की लाज वाटते.

दहानंतर ऊन चढलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून धूळ खात परत इंदापूरच्या बाजूला वळलो तेव्हा पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तहान लागली म्हणून पाणी प्यायचो, आणि जेवढं प्यायचो तेवढं मळमळायचं. बोटं सुजून अंगठी रुतायला लागली. डोकं ठणकत होतं. निरवांगी गावाच्या जवळपास कुठंतरी मला उलटी झाली, आणि त्यानंतर मी कुठं चाललोय हेच मला सुधरेना. रस्ता ओळखीचा होता. उपास कुणाचा, शर्यत कसली, घरी कोण आहे, हे एकेक करून निसटत गेलं. आईचं नाव आठवायचा प्रयत्न केला, तेही येईना. ती भीती मी आयुष्यात विसरणार नाही. आई रोज ज्या अंधारात पडून असते तो हाच असणार, असं तेवढं मात्र वाटलं. मग सायकल आडवी झाली.

शुद्धीवर आलो तो एका पंक्चरच्या दुकानाच्या पत्र्याखाली. डोक्याखाली जुनी ट्यूब गुंडाळून ठेवली होती. पांढऱ्या दाढीचे एक चाचा माझ्या पोटऱ्या चोळत होते. मी पाण्याच्या बाटलीकडं हात नेला तर त्यांनी ती लांब सारली.

"पानी नका पिऊ आता. पानीच लय झालंय तुमच्या पोटात. मीठ पायजे तुमास्नी. उसात खपनारी मानसं उन्हाळ्यात अशीच पडत्यात, लय बघितल्यात."

मी कसाबसा बोललो, "माझा उपास हाय. आळणी."

"कुनाचा?"

"आईचा."

त्यांनी चोळणं थांबवलं. "उपास आईचा आन् मरायला तुमी व्हय?"

ते आत जाऊन खडेमीठ घेऊन आले. "माझाबी रोजा हाय," ते म्हणाले, "पहाटंपास्नं पान्याचा थेंब घेतल्याला न्हाय. पन आमच्यात आजाऱ्याला माफी असती. बरं झाल्यावर भरून काडायचा. तुमच्या देवाकडं न्हाय व्हय अशी माफी?"

"ठाऊक न्हाय," मी म्हणालो.

"मग इचारा की त्याला! पन आदी मीठ खावा, मंग इचारा."

माझी मूठ गोळे येऊन आवळली होती. त्यांनी माझं एकेक बोट उलगडलं आणि तळहातावर मिठाचे खडे ठेवले. ज्या तळहातावर मी आईच्या चतुर्थीचं पाणी घेतलं होतं, तोच हा हात. मी त्या मिठाकडं बघत राहिलो आणि मला रडू फुटलं. चाळीस वर्षांची चतुर्थी माझ्या हातून मोडणार होती. आई आता मीठ कधीच खाणार नाही, आणि ते पाप माझं, एवढंच मला दिसत होतं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी काहीतरी थकून खाली बसलं. मी मनात म्हणालो, देवा, माझ्यानं नाही होत. तुझं व्रत तू सांभाळ, माझी आई तू सांभाळ. मला एवढंच जमत होतं, आणि तेही नीट जमलं नाही. एवढं म्हणून मी मीठ तोंडात टाकलं आणि मनगटावरचं शर्यतीचं घड्याळ बंद केलं.

चाचांनी मग लिंबू-साखरेचं पाणी केलं, त्यातही मीठ घातलं, आणि घोट घोट पाजलं. स्वतःचे ओठ कोरडे पडलेले असताना दुसऱ्याला पाणी पाजणारा माणूस मी त्या दिवशी जवळून पाहिला. शर्यतीची रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांनी उरलेलं मीठ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून माझ्या खिशात कोंबलं आणि सायकल आत ओढून ठेवली. डॉक्टरांनी मला सलाईन लावलं. सलाईन म्हणजे तरी काय, मिठाचंच पाणी. आयुष्यभर कळत होतं ते त्या दिवशी शिरेतून आत शिरलं.

दुपारी चारच्या सुमाराला घरी सोडलं. आईला काय सांगू? तिला ऐकू येतं की नाही माहीत नव्हतं, पण सांगितल्यावाचून मला सुटका नव्हती. शैला बाहेर आली. माझा अवतार बघून ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आज आईंनी खाल्लं."

मला वाटलं, आळणीच खाल्लं असेल.

"मीठ घातलेला भात. दर वेळेसारखा आधी मिठाचाच चमचा पुढं केला, म्हटलं तोंड फिरवतील. तर तोंड उघडलं की हो! वाटीभर खाल्लं. वर वाटीत बोट फिरवून चाटलं."

"किती वाजता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अकरा वाजून गेल्यावर. नीट बघितलं न्हाय मी. का हो?"

मनगटावरच्या घड्याळात मी मीठ खाल्ल्याची वेळ मिनिटासकट नोंदलेली होती. मी खुर्चीवर बसून ती नोंद न बघता पुसून टाकली. प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं मी आकडे जुळवत आलोय, पण हे मला जुळवून बघायचं नव्हतं. मला मिळालं होतं ते मोजायची माझी लायकी नव्हती.

मग आईजवळ गेलो. "आई, तुझी चतुर्थी माझ्याच्यानं मोडली," म्हणालो. "मी मीठ खाल्लं." ती माझ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी तिची नजर माझ्यावर येऊन थांबली होती. माझ्या कपाळावर, कानशिलांवर घामाचं मीठ सुकून पांढरं झालं होतं. तिनं चांगला हात उचलला, माझ्या चेहऱ्यावरून फिरवला, आणि पूर्वी दृष्ट काढताना न्यायची तसा तो स्वतःच्या कानशिलाशी नेऊन बोटं दाबली. बोटं मोडायला दोन्ही हात लागतात असं नाही, पण तिच्या बोटांत ताकद नव्हती, ती वाजली नाहीत. मी तिच्या उशाशी डोकं टेकून बराच वेळ रडलो.

आई वाचली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती श्रावणात गेली. पण मधले पाच महिने तिनं मीठ घेतलं, गुंगी ओसरली, आणि जाईपर्यंत ती आम्हाला ओळखत होती. माझं नाव तिला घेता आलं नाही. मी खोलीत आलो की तिचा डावा हात अंथरुणावरून थोडा वर उठायचा. एवढं मला पुरलं. जास्त मागायचं मी त्या पत्र्याखाली सोडून आलो होतो.

ईद झाल्यावर खजुराचा डबा घेऊन सायकल आणायला निरवांगीच्या त्या दुकानात गेलो होतो. चाचांनी पुढचं चाक सरळ करून ठेवलं होतं. मी पाया पडायला लागलो तर ते मागं सरले. "अहो मिठाचं काय येवडं? घरात असतंयच की," म्हणाले, आणि चाकाचा वाक कसा काढला ते मला सांगत बसले.

मी संकष्टी अजून धरतो. तो देवाबरोबरचा सौदा राहिलेला नाही, आईची आठवण म्हणून धरतो. जमेल तेवढा उपास, आणि प्रकृतीला झेपला नाही तर माफी मागून सोडून देतो. कागदातली ती पुडी देवघरात आहे, पावसाळ्यात तिला ओल सुटते. चंद्र उगवल्यावर शैला पान वाढते, आणि रीतीप्रमाणं सगळ्यात आधी मीठ वाढते. आईच्या पानातली ती जागा चाळीस वर्षं, दर महिन्याला एकदा, माझ्यासाठी रिकामी राहिली होती. मी त्या चिमूटभर मिठाला हात जोडतो आणि मग जेवायला बसतो.