इंजिन बंद करा

मी लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझा थोरला भाऊ नांदेडला वाहतूक हवालदार. सव्वीस वर्षं तो चौकात उभा राहिला. घरी येऊन नाक पुसलं की रुमाल काळा व्हायचा आणि आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी एका दुपारी ड्यूटी संपवून निघालेला दादा घरी पोचलाच नाही. वहिनीला तो दोन गल्ल्या पलीकडं, मोटारसायकल लावून ओट्यावर बसलेला सापडला. आपलं घर कोणत्या गल्लीत, तेच त्याला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर म्हणाला, "कशाला आलीस? मला काय न्हाई झालं." पण त्यानं माझा हात सोडला नाही.

डॉक्टरांनी तपासण्या करून विसरण्याचा आजार सुरू झाल्याचं सांगितलं. धुरामुळं का, असं मी विचारलं. एकट्या धुरावर बोट ठेवता येत नाही, म्हणाले, पण धुराला सोडूनही देता येत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून. हे चित्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं. गाड्यांच्या धुरानं ही वीण सैल होऊ शकते, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेला येत नाही ना.

आमच्या गेटवर कॉलेज सुटायच्या वेळी बसगाड्या अर्धा-अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या. मी इंजिन बंद करायला सांगितलं. कुणी ऐकेना. मग स्टाफरूममधली खुर्ची आणली, पहिल्या बसपुढं मांडली आणि बसले. मागून हॉर्न सुरू झाले. प्राचार्य धावत आले. तुमचा विषय वर्गात, रस्त्यावर नाही, म्हणाले.

"सर, विषय रस्त्यावरच आहे. वर्गात मी नुसतं चित्र काढते."

तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी एका वयस्कर ड्रायव्हरनं आपणहून चावी फिरवली. "बाई, दिवसभर हा धूर मीच खाऊन राहिलो," म्हणाला. त्याचं बघून बाकीचेही बंद करू लागले.

संस्थेनं पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून मागितलं. मी दिलं नाही. दादाला आता ऑफिसात बसवलंय. त्याचं विसरणं थांबलेलं नाही. इथल्या बसस्थानकासमोरच्या चौकातही थांबलेल्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवायला लावावीत, म्हणून मी लातूर महापालिकेत अर्ज दिलाय. साहेब भेटत नाहीत. मी दर सोमवारी जाते.